मात्र्योनाकाकूंच्या दारातला खांब

माझ्या भावाचं घर शेवटी शेजारणीच्या अंगणात जाऊन बसलं. दारं-खिडक्यांसकट. आत चहाचा सामोवार उकळत होता आणि सामोवारापाशी स्वतः शेजारीण बसली होती.

असं काही झालेलं नाही. आमच्या गावात कुणालाही विचारा. घर एका जागी असतं म्हणून तर त्याला घर म्हणतात. जे हलतं त्याला घोडा म्हणतात. तेव्हा जे झालंच नाही ते नेमकं काय होतं, एवढंच मी सांगणार आहे.

मिचिल माझा थोरला भाऊ. नदीपलीकडच्या गावातली कुन्नेय आमची गाय तपासायला आली होती. ती जनावरांची डॉक्टर. गाय तीन दिवसांत बरी झाली, मिचिल झाला नाही. पुढं वर्षभर आमच्याकडं कुठलं ना कुठलं जनावर आजारी पडत राहिलं. शेवटी एका धडधाकट बैलाच्या तोंडात हात घालून कुन्नेय म्हणाली, "ह्याला काही झालेलं नाही. ज्याला झालंय त्याला सांगा, माझ्या बाबांना भेट म्हणावं."

तिचे बाबा म्हणजे प्रोकोपीकाका. जुन्या वळणाचा माणूस. बोलायच्या आधी इतका वेळ गप्प बसायचे की समोरचा आपणहून चूक कबूल करायचा. त्यांनी मिचिलला दोन अटी घातल्या. घर त्यानं स्वतःच्या हातानं बांधायचं, तेही लार्चचं. आणि लग्न पानगळीच्या आत लागलं पाहिजे.

"आमच्या घरातली मुलगी नागड्या झाडांमधून सासरी जात नाही," काका म्हणाले. "पानं गळाली, तर मग पुढच्या जूनमध्ये बघू."

आता लार्चचा स्वभाव असा. पाइन आणि स्प्रूस हे त्याचे सख्खे चुलत भाऊ, पण ते थंडीत अंगावरचं काही काढत नाहीत. लार्च सप्टेंबरात पिवळाजर्द होतो, आठवडाभर मिरवतो, आणि थूक जमिनीवर पडायच्या आत गोठेल अशी थंडी दाराशी आली की सगळे कपडे उतरवून उभा राहतो. हे झाड आमच्याकडंच सगळ्यात जास्त का उगवतं, ते आमच्या माणसांकडं बघून कळतं.

तर मिचिलनं घर बांधायला घेतलं. लार्च पाण्यावर तरंगत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मिचिललाही माहीत होतं, पण प्रेमात माणसाला वाटतं आपल्यासाठी तरंगेल. पहिला ओंडका त्यानं नदीत सोडला, तो सरळ तळाशी गेला. तो अजून तिथंच आहे. कुजणार नाही, वाहून जाणार नाही, नुसता पडून वाट बघेल. मग मिचिलनं प्रत्येक लार्चला दोन्ही बाजूंनी दोन पाइन बांधले, आणि पोलिसांनी चोर न्यावा तसे ते ओंडके गावात आणले. खिळे वाकले. कुऱ्हाडी बोथट झाल्या. जूनपासून मिचिलच्या अंगाला डिंकाचा असा वास यायचा की मधमाश्या त्याच्यामागून चालायच्या. ऑगस्टअखेर घर उभं राहिलं. एका खोलीचं, लालसर, बुटक्या खुंट्यांवर ठेवलेलं, कारण आमच्याकडची जमीन हिवाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात बसते; तिच्यावर कुणी सरळ घर टेकवत नाही.

तेरेंतीमामानं भिंतीला खांदा लावून बघितलं. मामा आईचा धाकटा भाऊ, आणि त्याच्या मते आमच्या घरातला एकमेव कर्ता पुरुष. "हे आता कुणाच्या बापाच्यानं हलायचं नाही," तो म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवायची काही गरज नाही.

मग राहिला खांब. घोडा बांधायचा खांब, सेर्गे. तोही लार्चचाच. लग्नाचा सेर्गे नवऱ्याच्या दारासमोर रोवतात, नवरी येऊन त्याला आपला घोडा बांधते, आणि तो ज्या दारासमोर असेल त्या दारातून आत जाते. झालं लग्न. सेर्गे एकदा रोवला की उपटत नाहीत. सरळ करायला म्हणूनसुद्धा नाही. तो त्याच्या मनानं पडेल तेव्हा पडेल. आणि लार्चच्या मनात सहसा तसं काही येत नाही. माझ्या पणजोबांचा सेर्गे अजून उभा आहे. त्यांचं घर, गोठा आणि ज्या सरकारला ते सलाम ठोकायचे ते सरकार, सगळं त्याच्याआधी पडलं.

खड्डा खणायचं काम मामाकडं आणि माझ्याकडं होतं. आमच्याकडची जमीन उन्हाळ्यात वरवर सैल होते, पण त्याखाली जो बर्फ आहे तो मॅमथांच्या वेळचा. पहारीला तो खण्णकन उलट उत्तर देतो. म्हणून संध्याकाळी खड्ड्यात विस्तव पेटवायचा, झोपायला जायचं, आणि सकाळी सुटलेली माती उपसायची. विस्तव चांगला लागला तर रात्रीतून खड्डा बराच खाली जातो. त्यामुळं सकाळी आपला खड्डा कालच्यापेक्षा खोल दिसला, तर आमच्याकडचा माणूस चकित होत नाही. समाधानानं मान हलवतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमचा खड्डा गुडघ्याएवढा झाला होता. त्यात मी लार्चची लाकडं रचली, विस्तव लावला आणि झोपायला गेलो. सकाळी मिचिल वऱ्हाड आणायला नदीवर गेला. आई आणि मावश्या घोड्याचं मांस उकडत होत्या, तुपातली धिरडी घालत होत्या. आणि नदीवरून धुकं आलं. धुकं म्हणजे असं, की चहाचा पेला तोंडाला लावावा आणि तो आपलाच आहे की दुसऱ्याचा हे चवीवरून ओळखावं.

मामा पहार शोधायला पुढं गेला. थोड्या वेळानं धप्प असा आवाज आला.

"मामा?"

"मी खाली आहे."

"खाली कुठं?"

"खड्ड्यात. अर्चिम, अरे काय विस्तव लावला होतास तू! काल गुडघ्याला होता, आज छातीला लागतोय!"

"मी चारच लाकडं लावली होती."

"लार्चची ना? मग बरोबर. लार्चचा निखारा मरत नाही. आहे, राख आहे बुडाशी. कोमट आहे अजून. वा! ये, बाहेर काढ मला, आणि पोरांना हाक मार."

मी त्याला बाहेर काढलं. खड्डा सुरेख होता. गोल, कडा तासलेल्या, बुडाशी निळसर बर्फ. इतका नीटनेटका खड्डा आपल्या हातून झाला याचा मला अभिमान वाटला. असा अभिमान मला आयुष्यात फार वेळा वाटलेला नाही, म्हणून मी जास्त चौकशी केली नाही.

सात-आठ तगडी पोरं जमवून आम्ही खांब आणला. लार्चच्या खांबाला हलकं टोक नसतं, दोन्ही टोकं जड असतात. मामानं त्याच्या शेंड्यावर कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, पेला कोरला होता, तो सगळ्यांना कांद्यासारखा दिसत होता. पण धुक्यात तो दिसतच नव्हता, त्यामुळं काम शांतपणे झालं. खांब खड्ड्यात उभा केला, भोवती दगड ठासले, नदीचं पाणी ओतलं. खालच्या बर्फानं ते पाणी घट्ट धरलं. मामानं खांबावर कुमिस शिंपडलं, थोडं स्वतःवर शिंपडलं, बरंचसं आत शिंपडलं, आणि म्हणाला, "पाचशे वर्षं!"

मग धुकं वर गेलं.

आधी दिसला तो एक चहाचा पेला. पेल्यामागं आमच्या शेजारीण मात्र्योनाकाकू. काकूंमागं काकूंचं दार. आणि दारासमोर, अगदी नाकासमोर, आमचा सेर्गे. मिचिलचं घर बाजूला, दोन गायी आणि एक गवताची गंजी ओलांडून पलीकडं होतं. मधलं कुंपण वऱ्हाडाचे घोडे आत यावेत म्हणून आम्हीच काढलेलं. आमचा खड्डा तिथं तसाच होता. गुडघ्याएवढा. त्यातला विस्तव रात्रीच विझलेला.

मात्र्योनाकाकूंनी खांबाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. चहाचा घोट घेतला.

"कांदा का कोरलाय?" त्यांनी विचारलं.

"तो पेला आहे," मामा म्हणाला.

"असू दे. खांब चांगला आहे." त्या आत वळून ओरडल्या, "गाव्रिल! ऊठ! तुझं लग्न आहे!"

गाव्रिलदादा काकूंचा एकुलता एक मुलगा. चाळिशीला आलेला, अबोल. गावातला एकमेव ट्रॅक्टर त्याच्याकडं होता आणि तो सगळं बोलणं ट्रॅक्टरशीच करायचा. काकूंचं गेली पंधरा वर्षं एकच दुःख होतं: घरात बोलायला सून नाही. गावात कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झालं, कुठं आग लागली, तरी काकू बातमी ऐकून म्हणायच्या, "आणि माझ्याकडं सून नाही."

गाव्रिलदादा बाहेर आला. खांबाकडं बघून त्यानं डोकं खाजवलं. "आई, तो खड्डा अँटेनाचा होता. तीन रात्री विस्तव लावला मी."

"देवानं त्यात सेर्गे उगवलाय. तू अँटेना काय घेऊन बसलास?"

"काकू," मी म्हणालो, "हा मिचिलचा खांब आहे."

"मग मिचिलच्या दारात का नाही?"

मामानं प्रयत्न केला. "धुकं होतं."

"धुकं कुणी पाठवलं? मी पाठवलं का?" काकूंनी आकाशाकडं बोट दाखवलं. "जिथं खांब तिथं सून. हे मी नाही म्हणत, आपले वाडवडील म्हणतात. गाव्रिल, तोंड धू."

मामा माझ्या कानात म्हणाला, "उपटू या का? पटकन. वऱ्हाड यायच्या आत." आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्यानं स्वतःच्या तोंडावर चापट मारली. खांब आणणारी पोरं दोन पावलं मागं सरकली.

तेवढ्यात घोड्यांच्या टापा ऐकू आल्या.

वऱ्हाड झोकात आलं. घोड्यांच्या आयाळीत रंगीत चिंध्या, बायकांच्या छातीवर चांदीचे दागिने खळखळत होते, सगळ्यांच्या पुढं पांढऱ्या घोडीवर कुन्नेय, शेजारी मिचिल. त्याचं तोंड उघडंच होतं, आनंदानं. खांब दिसल्यावर ते उघडंच राहिलं, पण कारण बदललं.

कुन्नेयनं घोडी थांबवली. खांब बघितला, काकूंचं दार बघितलं, पलीकडचं नवं घर बघितलं. काकूंच्या मागं गाव्रिलदादा ओल्या तोंडानं उभा होता, त्यालाही बघितलं.

"मिचिल," ती म्हणाली, "मोजमाप कुणी केलं?"

"मामानं."

"मग बरोबरच असणार."

प्रोकोपीकाका घोड्यावरून उतरले आणि गप्प बसले. ही त्यांची ती जगप्रसिद्ध शांतता. सगळ्यांत आधी मामानं कबुली दिली, मग मी, मग खांब धरणारी पोरं, आणि शेवटी ज्याचा काही संबंध नव्हता अशा एका पाहुण्यानंही दोन वर्षांपूर्वीची एक मेंढी कबूल केली.

"दुसरा खांब रोवू," मिचिल रडवेल्या आवाजात म्हणाला. "माझ्या दारात. आत्ता झाड आणतो."

"दोन खांब म्हणजे दोन लग्नं," काका म्हणाले. "तुला दोन करायची आहेत?"

"नाही! एकच. हीच."

"हा उपटायचा?"

"तसं मी म्हटलंच नाही!"

"उपटलेला सेर्गे म्हणजे उपटलेला संसार." काकांनी वळून रस्त्याकडेच्या जुन्या लार्चकडं पाहिलं. तो सोन्यासारखा पिवळा झाला होता, आणि दुपारचा वारा सुटायला लागला होता. दोन-चार पिवळ्या सुया काकांच्या टोपीवर येऊन पडल्या. त्यांनी त्या उचलून बघितल्या. "झाड अजून नेसलेलं आहे. ते आहे तोवर मी इथं आहे. मग मुलगी घेऊन परत जाईन. जूनमध्ये बघू."

जून! मिचिलचा चेहरा असा झाला की जणू हिवाळा त्याला एकट्यालाच काढायचा होता. मधे आठ महिने नदी गोठलेली, अंधार, आणि कुन्नेयला दूरच्या जिल्ह्यात मोठी नोकरी सांगून आलेली. वसंतापर्यंत ती कुठं असेल, कुणाला माहीत. मिचिल जमिनीवर बसला आणि त्यानं खांबाला मिठी मारली. खांबानं काही प्रतिसाद दिला नाही.

मावश्यांनी मात्र वेळ घालवला नाही. माझी आई धिरडं घालायचा झारा हातात घेऊन ओरडली, "अगं, वाऱ्याच्या बाजूला उभ्या राहा! झाड हलू देऊ नका!" गोधड्या, घोंगड्या, एक गालिचा, सगळं घरातून बाहेर आलं. बायकांनी त्या जुन्या लार्चभोवती फेर धरून गोधड्यांची भिंत केली. झाड गोधड्यांहून फार उंच होतं, पण त्यांच्या चेहऱ्यांवर जो निर्धार होता त्यानं वाराही जरा दबकला. मामा झाडावर चढला आणि फांद्या हातांनी धरून बसला. दर वेळी सुया गळाल्या की तो वरून माफी मागायचा.

"मामा, उतर! तुझ्याच वजनानं गळतायत!"

"मी हलत नाहीये! श्वास घेतोय फक्त!"

"मग तो घेऊ नकोस!"

या गोंधळात कुन्नेय घोडीवरच बसून होती. उतरली असती तर कुणाच्या तरी दारात उतरली असं झालं असतं. तिनं खिशातून लार्चच्या डिंकाची गोळी काढली, तोंडात टाकली, चघळली. ती काहीतरी चघळायला लागली की आमचे बैलसुद्धा सावध होतात, कारण त्यानंतर सुई येते.

"बाबा," ती म्हणाली. "खांब हलवायचा नाही, असंच ना?"

"असंच."

"दुसरा रोवायचा नाही."

"नाही."

"आणि हे नियम सांगणारे आजोबा घराबद्दल काय म्हणायचे?"

काका गप्प बसले. पण ही वेगळी शांतता होती. यात कुणी काही कबूल केलं नाही, कारण या वेळी विचार करणारे तेच होते. बराच वेळ गेला. झाडावरून पिवळी भुरभुर चालूच होती.

"घराबद्दल," काका शेवटी म्हणाले, "आजोबा काही बोलले नव्हते."

सगळ्या माना मिचिलच्या घराकडं वळल्या. मग गाव्रिलदादाच्या ट्रॅक्टरकडं. मग मात्र्योनाकाकूंकडं, कारण खांब त्यांच्या अंगणात होता, म्हणजे घर आणायचं तर त्यांच्याच अंगणात आणावं लागणार होतं.

"माझ्या अंगणात?" काकू म्हणाल्या. "परक्याचं घर? माझ्या बटाट्यांवर?"

"बटाटे काढून झालेत, आई," गाव्रिलदादा म्हणाला.

"तू गप्प बस. पंधरा वर्षं गप्प होतास, आज बोलायला लागलास?" काकूंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "म्हणजे मला सून मिळणार नाही. खांब दारात आला, घोडी दारात आली, आणि सून शेजारी जाणार. हेच ना?"

कुन्नेय घोडी चालवत काकूंच्या जवळ गेली आणि वाकली. "काकू, अंगण एकच असेल ना?"

"असेल."

"दारं समोरासमोर येतील?"

"माझं इकडं, तुझं तिकडं. खांब मधे."

"मग सकाळचा चहा मी कुठं पिणार?"

काकू थबकल्या. "दूध घालून पितेस का?"

"साय घालून."

"रोज?"

"रोज."

"आणि तुझा नवरा?"

"तोही येईल की. चहाही पिईल, तुमची लाकडंही फोडेल. गप्पा ऐकायला त्याला फार आवडतं."

मिचिलनं खांबाला मिठी मारलेल्या अवस्थेतच जोरजोरात मान हलवली. त्या क्षणी त्यानं कशालाही मान हलवली असती. त्या मानेची किंमत काय, हे त्याला पुढं कळलं.

काकूंनी पदरासारख्या पांघरलेल्या शालीच्या टोकानं डोळे पुसले, आणि डोळे पुसता पुसताच त्या वेगळी बाई झाल्या. "गाव्रिल! ट्रॅक्टर काढ! उभा काय राहिलायस? दोर! ओंडके! ए तुम्ही पोरं, साल सोला, साल! सालीवर घर घसरत नाही! आणि सामोवार आणा माझा!"

"सामोवार कशाला, काकू?"

"रिकामं घर हलवायचं नसतं. भुतं बसतात आत. मी बसते."

ही प्रथा कुणी ऐकलेली नव्हती. पण काकूंना भुतांच्या जागी बसवण्यात सगळ्यांनाच सोय वाटली.

लार्चचे ओले ओंडके सोलले की आतून साबणासारखे बुळबुळीत असतात. ते घराखाली सारले. लांब वाशांच्या तरफा लावून, ओरडून, शिव्या देऊन, एकमेकांच्या पायांवर पाय देऊन आम्ही घर खुंट्यांवरून उचललं आणि त्या ओंडक्यांवर उतरवलं. पुढं ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला दोर, दोराला घोडे, घोड्यांना वऱ्हाड. आमच्याकडचे आणि तिकडचे मिळून सगळे. मिचिल सगळ्यांत पुढं, नवऱ्यामुलाचा रेशमी अंगरखा गुडघ्यापर्यंत चिखलात. प्रोकोपीकाकांनी टोपी काढली, नीट घडी करून खिशात ठेवली, आणि एक शब्द न बोलता दोराला हात लावला.

ट्रॅक्टर गुरगुरला. घर हललं नाही.

"कुणाच्या बापाच्यानं..." मामा झाडावरून म्हणायला लागला, आणि सगळ्या मावश्यांनी एका सुरात त्याला गप्प केलं.

पुन्हा. दोर ताणले. ओंडके कुरकुरले. आणि घर निघालं. आधी हातभर, मग एकदम दोन हात, मग थांबायला तयारच नाही. खिडकीतून काकूंचं डोकं बाहेर आलं. "डावीकडं! गाय आहे! गाय बघा!" त्यांनी खिडकीतून पेला पुढं केला, दोर ओढणाऱ्या एकानं तो घेतला, पिऊन परत दिला, आणि चालतं घर चहा वाटत गवताच्या गंजीजवळून गेलं. गायींनी रवंथ करणं थांबवलं. आतून काकूंचा आवाज, "साखर सांडली! सावकाश!" आणि गाव्रिलदादा ट्रॅक्टरवर बसून गात होता. तो गातो हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्याला स्वतःलाही असेल असं वाटत नाही.

कुन्नेय घोडीवरून घराच्या पुढं चालली होती आणि मागं वळून वळून हसत होती. "मिचिल! बाकीचे नवरे बायकोला घरी नेतात. तू घर बायकोकडं आणतोयस!"

"दम लागलाय गं! हसवू नकोस!"

"वहिनी," मी ओरडलो, "अजून थोडं पुढं सरका, नाहीतर घर तुमच्या अंगावर येईल!"

"येऊ दे! माझंच आहे!"

घराचं दार खांबासमोर आलं तेव्हा गाव्रिलदादानं ट्रॅक्टर थांबवला. घर मात्र स्वतःच्या मनानं आणखी थोडं पुढं आलं, आणि खांबापासून हातभर अंतरावर, जरा तिरकं, पण थांबलं. काका एक डोळा मिटून खांब आणि दार एका रेषेत आहेत का ते बघत राहिले. कुणी श्वास घेत नव्हतं. मामा तर झाडावर बऱ्याच वेळापासून घेत नव्हता.

"दारासमोर आहे," काका म्हणाले.

कुन्नेय उतरली. घोडीचा लगाम खांबाला बांधला. मिचिल चिखलात उभा होता, त्याच्या हाताला धरून तिनं त्याला बरोबर घेतलं आणि दोघं दारातून आत गेली. आत काकू होत्याच. त्यांनी दोघांच्या हातात चहा दिला.

तेव्हाच मावश्यांचे हात एकदम खाली आले. गोधड्या पडल्या, मामा फांदीसकट घसरला, आणि दुपारभर वाऱ्यापासून जपलेलं ते झाड एकदाच अंग झटकून मोकळं झालं. सोनं उधळावं तसं. घराच्या छपरावर, गायींवर, उकडलेल्या मांसावर, काकांच्या उघड्या डोक्यावर. मागचं सगळं रानही त्याच वाऱ्यात पिवळं वाहायला लागलं. मग माझी आई म्हणाली, "धिरडी गार झाली," आणि नाच सुरू झाला. हातात हात धरून, गोल, काकूंच्या बटाट्यांच्या वाफ्यांवरून, सूर्य मावळेपर्यंत आणि त्याच्या नंतरही.

हे काहीच झालं नाही, हे मी आधीच सांगितलं आहे.

आता मिचिल आणि कुन्नेय मजेत आहेत. कुन्नेय सकाळी एक पेला चहा पिऊन कामावर जाते. उरलेला चहा मिचिल पितो. सकाळचा, दुपारचा, लाकडं फोडण्याआधीचा, फोडल्यानंतरचा, आणि मग काकूंना बातम्या असतात. काकू आजकाल गावात कुणी आजारी पडलं, बाळंत झालं, आग लागली, की म्हणतात, "आणि माझ्या अंगणात सून आहे." त्यांची तब्येत सुधारली आहे. मिचिलचं वजन वाढलं आहे. प्रोकोपीकाकांना विचारलं, हे कुठवर चालायचं? ते म्हणाले, सेर्गे पडेपर्यंत. तो पडला की घर हवं तिथं न्या. मग त्यांनी खांबावर बोटानं टकटक केली, आवाज ऐकला, आणि समाधानानं हसले.

म्हणून मिचिलच्या सांगण्यावरून मी खालील अर्ज लिहून दिला आहे.

प्रति, मा. जिल्हा वनाधिकारी. विषय: लार्च जातीच्या एका खांबाच्या टिकाऊपणाबाबत. महोदय, उपरोक्त खांब अर्जदाराच्या दारासमोर बर्फात रोवला असून तो वाकत नाही, झिजत नाही, त्याला कीड लागत नाही व आगीनेही त्याचे फारसे बिघडत नाही. अर्जदाराचा त्यावर वा शेजारणीवर कोणताही राग नाही. तरी सदर खांबास अर्जदाराच्या हयातीत, शक्यतो पुढील चहाच्या आत, रीतसर कुजण्याचे आदेश देण्यात यावेत. आणि तसे करण्यास सदर खांब असमर्थ असल्यास त्याने आपली कारणे स्वतःच्या सहीने लेखी कळवावीत, ही नम्र विनंती.